दन्तकट्ठ : विनयातील मुखशुद्धी आणि हिरड्यांच्या रुग्णाचे स्वसंगोपन

विनयपिटकाचा अभ्यास आपल्याकडे बहुधा संघाची घटना, उपसंपदा आणि दंडविधान या अंगांनी केला जातो. परंतु चुल्लवग्गातील खुद्दकवत्थुक्खन्धक चाळला, तर नखे, केस, स्नान आणि दातवण अशा नित्याच्या गोष्टींचा तेथे काळजीपूर्वक विचार झालेला दिसतो. यांपैकी दन्तकट्ठाचे, म्हणजे दातवणाच्या काडीचे प्रकरण केवळ पुरातन आचार म्हणून वाचणे पुरेसे नाही. रोग्याला स्वतःच्या शरीराची काळजी घेण्यास प्रवृत्त कसे करावे, हा आजच्या दंतवैद्यकापुढील प्रश्न त्या प्रकरणात बीजरूपाने आलेला आहे.

प्रसंग असा. भिक्खू दातवण करीत नसत, त्यामुळे त्यांच्या तोंडाला दुर्गंधी येई. ही गोष्ट भगवंतांच्या कानावर गेली. तेव्हा त्यांनी दातवण न करण्याचे पाच आदीनव, म्हणजे तोटे सांगितले : ते डोळ्यांस हितकर नसते, मुखास दुर्गंधी येते, रसवाहिन्या शुद्ध होत नाहीत, पित्त व कफ अन्नाला वेढतात आणि अन्न रुचत नाही. दातवण करण्याचे पाच आनिसंस, म्हणजे लाभ याच्या उलट होत. अंगुत्तर निकायाच्या पञ्चकनिपातातही हाच उपदेश आढळतो. पुढे छब्बग्गिय भिक्खू लांबलचक काड्या वापरू लागले आणि त्यांनीच सामणेरांना मारू लागले. म्हणून काडीची कमाल लांबी आठ अंगुळे ठरली. नंतर एका भिक्खूच्या घशात फार आखूड काडी अडकली, तेव्हा किमान लांबी चार अंगुळे ठरली.

या प्रसंगातील नियमाचे स्वरूप विशेष लक्षात घेण्याजोगे आहे. दुक्कटाचा दोष सांगितला आहे तो मापाचे उल्लंघन करणाऱ्याला, दातवण न करणाऱ्याला नव्हे. दातवणाविषयी भगवंतांचा शब्द ‘अनुजानामि’, म्हणजे अनुमती देतो, एवढाच आहे. त्यामागे भीती वा पापाचा धाक नाही. कारणे पुढे ठेवली आहेत आणि निर्णय ऐकणाऱ्याच्या विवेकावर सोपविला आहे. या पाच मुद्द्यांत आधुनिक जंतुशास्त्र शोधण्याचा अट्टाहास मात्र आपण करू नये. डोळ्यांविषयीचे विधान त्या काळच्या वैद्यककल्पनांना धरून आहे. त्यातील टिकाऊ भाग आहे तो समजावण्याच्या पद्धतीचा.

कारण पटले, तरी सवय आपोआप जडत नाही. यासाठी महावग्गातील उपज्झायवत्त पाहावे. सद्धिविहारिकाने पहाटे उठून उपाध्यायाला दातवण आणि मुख धुण्यासाठी पाणी द्यावे, असे तेथे सांगितले आहे. त्यामुळे कृतीला दिवसाची ठरलेली वेळ मिळाली आणि ती आठवण करून देणारा सोबतीही मिळाला. मावळातील लेण्यांत या दिनचर्येची भौतिक बाजू दिसते. भाजे येथे महारठी कोसिकीपुत विण्हुदत याने पाण्याची पोढी दान दिल्याचा लेख आहे. बेडसे येथेही टाक्यापाशी महारठिनी सामडिनिका हिच्या दानाचा लेख आहे. डोंगरावर राहणाऱ्या संघाच्या स्वच्छतेचा आधार अशी टाकीच होती. सातव्या शतकात नालंदेत सुमारे दहा वर्षे राहिलेल्या इत्सिंगाने तेथील भिक्खूंचे दातवण तपशिलाने नोंदविले आहे. काडीचे टोक हळूहळू चावून मऊ करावे, त्याने दात स्वच्छ करावेत, मग काडी चिरून जीभ खरवडावी, असा तो क्रम होता. म्हणजे सुमारे हजार वर्षांनंतरही हा आचार जिवंत होता.

आता वर्तमानाकडे वळू. ज्याला लोक पायोरिया म्हणतात, त्या हिरड्यांच्या रोगाचे मूळ दातांच्या कडेला साचणाऱ्या जंतूंच्या चिकट थरात असते. 1965 साली हाराल्ड ल्यो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डेन्मार्कमध्ये 12 निरोगी व्यक्तींना दात घासणे थांबविण्यास सांगितले. दहा ते एकवीस दिवसांत सर्वांच्या हिरड्या सुजल्या. सफाई पुन्हा सुरू होताच त्या सुमारे आठवडाभरात पूर्ववत झाल्या. मात्र रोग खोल जाऊन हाड झिजले, की ते सहसा पूर्ववत होत नाही. रोग बराच काळ दुखत नाही, म्हणून त्याकडे दुर्लक्ष होते. रक्त येते म्हणून पुष्कळ रुग्ण घासणेच सोडतात. वस्तुतः रक्त येणे ही हळुवार पण नियमित सफाईची आणि तपासणीची सूचना असते. मधुमेह्यांत हा रोग अधिक बळावतो. वैद्याने कीटण काढले, तरी रोजचा थर रुग्णालाच काढावा लागतो. 2015 साली लंडनचे न्यूटन व असिमाकोपुलू यांनी यासंबंधीच्या संशोधनाचा आढावा घेतला. लाभ पटणे, उद्दिष्ट ठरविणे, कृतीची वेळ व जागा आखणे आणि स्वतःची नोंद ठेवणे यांनी मुखशुद्धी सुधारते, असा त्याचा आशय आहे. आनिसंस, माप आणि वत्त यांच्याशी याचे साम्य सहज ध्यानात येते.

मुळशी तालुक्यातील मारुंजीसारख्या गावात हा विचार विशेष उपयोगी पडावा. एके काळी शेतीचे असलेले हे गाव आज हिंजवडीच्या संगणक उद्यानाला लागून आहे. अशा वस्त्यांत संगणकावर रात्रपाळी करणारा तरुण आणि बांधकामावरची मजूर स्त्री शेजारी राहतात. रात्रपाळीवाल्याची पहाट हरवलेली असते, तेव्हा त्याने झोपण्यापूर्वीची वेळ पक्की करावी. महाराष्ट्रातील कष्टकरी स्त्रियांत मिश्री लावण्याची सवय जुनी आहे. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखू. दात स्वच्छ होतात या समजुतीने ती हिरड्यांवर घासली जाते आणि तिचे व्यसन जडते. दंतमंजनात तंबाखू वापरण्यास केंद्र सरकारने 1992 साली बंदी घातली, परंतु घरच्या तव्यावर भाजलेल्या मिश्रीपर्यंत तो कायदा पोहोचत नाही. तेथे समजावणारा माणूसच पोहोचला पाहिजे.

तो माणूस कसा असावा, हे महावग्गातील चीवरक्खन्धक सांगतो. चांगला रोगी हितकर तेच करतो, त्याचे प्रमाण जाणतो, औषध घेतो, आपली स्थिती खरी सांगतो आणि वेदना सोसतो. चांगला गिलानुपट्ठाक औषध सिद्ध करू शकतो, हितकर-अहितकर जाणतो, लाभासाठी नव्हे तर मैत्रचित्ताने सेवा करतो, थुंकी-मलाची किळस करीत नाही आणि वेळोवेळी धम्मकथेने रोग्याचा उत्साह वाढवितो. येथे उत्साह वाढविणे हे शुश्रूषेचेच अंग मानले आहे. मिश्री लावणाऱ्या आईला टाकून बोलणारा मुलगा या कसोटीस उतरत नाही. तिच्या शेजारी बसून मऊ ब्रश हाती देणारा, कारण सांगणारा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारणारा मुलगा उतरतो. विहारातील आरोग्य शिबिरांनीही एका दिवसाच्या तपासणीवर न थांबता महिन्याने त्याच रुग्णांना पुन्हा भेटावे. चार ते आठ अंगुळांच्या काडीसाठी विनयाने जेवढी आस्था दाखविली, तेवढी आपण आपल्या माणसांच्या हिरड्यांसाठी दाखविणे अवघड नाही.