नितळ पाणी आणि मोकळा क्लोरीन

पाणी नितळ झाले म्हणजे ते निर्दोष झाले, ही समजूत फार जुनी आहे. घरच्या पोहण्याच्या हौदातील शेवाळ नाहीसे होताच मालक निश्चिंत होतो. परंतु खरी परीक्षा तेथूनच सुरू होते.

शेवाळावर मोरचुदाचा उपाय मूर व केलरमन या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९०४ साली प्रसिद्ध केला. १९०८ साली डॉ. जॉन लील यांनी जर्सी सिटीच्या पाणीपुरवठ्यात ब्लीचिंग पावडर मिसळण्यास प्रारंभ केला. थोड्याच वर्षांत ही पद्धत पोहण्याच्या हौदांपर्यंत पोहोचली. तरी एक कोडे उरले. क्लोरीन वाढवीत जावे, आणि पाण्यातील त्याची शिल्लक मध्येच घटावी! हा घटीचा बिंदू ग्रिफिन यांनी १९३९ साली स्पष्ट केला. मेलेल्या शेवाळातून व घामातून आलेल्या अमोनियाशी क्लोरीनचा संयोग होतो. अशा बद्ध क्लोरीनची जंतुनाशक शक्ती दुर्बळ असते. क्लोरीन अमोनियातील नत्राच्या सुमारे दसपट झाला म्हणजे ही संयुगे मोडतात, आणि पुढे घातलेला क्लोरीन मोकळा राहतो. म्हणूनच हौदाचा उग्र वास व डोळ्यांची आग ही बहुधा क्लोरीनच्या अतिरेकाची नव्हे, तर अपुरेपणाची खूण होय.

१९५७ साली इंग्रज रसायनज्ञ पेलिन यांनी मोकळा व बद्ध क्लोरीन निरनिराळा मोजणारी रंगपरीक्षा दिली. सूर्यप्रकाशाने क्लोरीन नष्ट होतो. म्हणून मोजणी सूर्यास्तानंतर व पुन्हा सूर्योदयापूर्वी करावी. रात्रीच्या अंधारातही शिल्लक बरीच घटली, तर पाणी कितीही नितळ दिसो, शेवाळाचा अंश आत आहे असे समजावे.