सिलिकेट संपलं की डायटम हरतं

डायटम हे काचेसारख्या कवचाचं सूक्ष्म शैवाल. तारली मासळीचं हे मुख्य खाद्य. कवचासाठी त्याला सिलिकेट लागतं, साधारण नायट्रोजनइतकंच. दोन्ही भरपूर असतील तर डायटम झपाट्याने वाढून इतर शैवालांना मागे टाकतं.

सांडपाणी आणि शेतीच्या खतांतून मात्र समुद्रात नायट्रोजन, फॉस्फरस वाढतात. सिलिकेट वाढत नाही. उलट बरंचसं धरणांतच अडकतं. ते संपलं की डायटमची वाढ खुंटते. उरलेल्या नायट्रोजनवर सिलिकेट न लागणारी शैवालं फोफावतात. त्यांतली काही विषारी असतात.

१९७० नंतर काळ्या समुद्राच्या वायव्य भागात असंच झालं. शैवाल कुजून प्राणवायू संपला, तळाचे जीव मेले. म्हणून पाणी तपासताना नायट्रोजनसोबत सिलिकेटही मोजावं लागतं.