गोन्सालोचा मुलगा कोण?

परवा ऑफिसात नवी आलेली एक मुलगी डबा खाताना म्हणाली, "गोन्सालवीस? म्हणजे तू गोव्याचा ना?"

म्हटलं, "नाही गं, वसईचा. घरी कादोडी, बाहेर मराठी."

"मग तुमचे पूर्वज पोर्तुगीज असणार!"

डबा संपला, मीटिंग लागली आणि उत्तर राहून गेलं. म्हणून हा शनिवारचा लेख.

पोर्तुगीज नावाच्या शेवटी येणारं 'एस' म्हणजे 'चा मुलगा'. गोन्सालोचा गोन्सालवीस, फर्नांदोचा फर्नांडिस, रॉद्रिगोचा रॉड्रिग्ज, लोपोचा लोपीस. डेन्मार्कमधलं 'सेन' अगदी तसंच. येन्सचा मुलगा येन्सेन, हान्सचा हान्सेन. तिथे हे पूर्वी दर पिढीला बदलायचं. येन्सेनच्या मुलाच्या नावात आजोबा नाही, बापच यायचा. मग १८२८ साली सरकारने हुकूम काढला की घराण्याचं एकच कायमचं आडनाव ठेवा. आमच्या भाषेत सांगायचं तर व्हेरिएबलचा कॉन्स्टंट झाला! पोर्तुगालात असा हुकूम लागला नाही, तिथे ही नावं त्याच्या बरीच आधी आपोआप गोठली.

आणि गंमत बघा, गोन्सालो हे नावही मूळचं पोर्तुगालचं नाही. रोमन सत्ता ढासळल्यावर जर्मानिक टोळ्या त्या भागात घुसल्या, त्यांनी आणलेलं. त्यातल्या पहिल्या तुकड्याचा अर्थ लढाई. वसईतल्या केळीच्या बागांत लढाईचं नाव घेऊन फिरतोय आम्ही!

आता वसई. २३ डिसेंबर १५३४ ला गुजरातच्या सुलतान बहादूरशहाने तह करून ती पोर्तुगीजांना दिली. पुढे बाप्तिस्मे झाले. तेव्हा पाद्र्याचं किंवा धर्मपित्याचं आडनाव नव्या ख्रिस्ती माणसाला मिळायचं. म्हणजे रक्ताचा संबंध नाही, फक्त नावाचा. म्हणूनच तेच आडनाव सामवेदी, वाडवळ, कोळी अशा वेगवेगळ्या ख्रिस्ती घरांत सापडतं. गोव्यात आणि मंगळुरातही तीच आडनावं. एकोणिसाव्या शतकात तिकडची माणसं नोकरीसाठी मुंबईला आली तेव्हा इथल्या ख्रिस्त्यांची अशी पंचाईत झाली की वेगळी ओळख दाखवायला त्यांनी 'ईस्ट इंडियन' हे नाव घेतलं. १८८७ साली त्या नावाची संस्थाही निघाली. तेव्हा "गोव्याचा ना?" हा प्रश्न फार जुना आहे.

लहानपणी मला वाटायचं, आम्ही संत गोन्सालो गार्सियाचे वंशज. तो वसईचाच. ५ फेब्रुवारी १५९७ ला नागासाकीत क्रूसावर मारला गेला आणि १८६२ मध्ये संत झाला. पण तो फ्रान्सिस्कन ब्रदर, त्याला मुलंबाळं कुठली? तेव्हा ज्या गोन्सालोचे आम्ही 'मुलगे', तो दूर पोर्तुगालातला कुणीतरी. आमच्या घरातल्या कुणी त्याला पाहिलेलंच नाही.

१७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली, पोर्तुगीज गेले, आडनावं राहिली. पण आमच्या लोकांनी एक गोष्ट गुपचूप केली. इतर मराठी माणसांसारखं मधे वडिलांचं नाव लावलं. माझ्या रेशनकार्डावर आधी मी, मग बाबा, मग गोन्सालवीस. म्हणजे एका नावात दोन बाप! शेवटचा गोठलेला. मधला जिवंत, दर पिढीला बदलणारा. 'एस'चं जे काम पोर्तुगालात कधीच थांबलं, ते वसईत मधलं नाव अजून करतंय.

हे लिहिता लिहिता ऑफिसचा मेल आयडी आठवला. नाव डॉट आडनाव. बाबांचं नाव मीच गाळलं होतं, लांब होतं म्हणून. कधी न पाहिलेला गोन्सालो ठेवला आणि ज्यांनी वाडी शिंपून मला इंजिनियर केलं त्यांना काढून टाकलं!

असो. सोमवारी आयडी बदलायचा अर्ज टाकतोय. आणि त्या मुलीला सांगेन, पूर्वज इथलेच गं, पोर्तुगीज आहे ते फक्त शेपूट.