हरताळ आणि काजळ

अमक्याने दिल्या शब्दाला हरताळ फासला, असे आपण सहज म्हणून जातो. (दुकाने बंद ठेवण्याचा हरताळ निराळा.) हा हरताळ म्हणजे गंधक आणि आर्सेनिक यांचा पिवळा खनिज पदार्थ. पोथी उतरून घेणारा लहिया कुठे चुकला, की त्या अक्षरावर तो हरताळाचा लेप देई. अक्षर दिसेनासे होई. आणि वाळल्या लेपावर काजळाच्या शाईने बोरू फिरवला, की नवे अक्षर ठसठशीत उठून दिसे.

मला यात मोठी गंमत वाटते. लहिया फिकट कागदावर पिवळ्याने झाकी आणि त्याच पिवळ्यावर काळ्याने लिही. अक्षर वाचता येते ते रंगामुळे नव्हे, तर उजेड-अंधाराच्या अंतरामुळे, हे त्याचा हात जाणत होता. आमच्या नागपूर स्टेशनावरची पिवळी पाटी आणि तिच्यावरची काळी अक्षरे धावत्या गाडीतूनही वाचता येतात, ती याच न्यायाने.

या अंतराला आता आकडा मिळाला आहे. संकेतस्थळांची मानके ठरविणाऱ्या जागतिक संघाने ११ डिसेंबर २००८ रोजी नियम प्रसिद्ध केले. पांढऱ्यावर काळे म्हणजे २१ला १. शुद्ध पिवळ्यावर काळे १९च्या वर. पांढऱ्यावर पिवळे मात्र जेमतेम १. साध्या मजकुराला निदान ४.५ हवे, मोठ्या अक्षरांना ३ चालते.

दुसराही एक नियम आहे: केवळ रंगाने काही सांगू नये. पोथीत ‘श्रीभगवानुवाच’ तांबड्या शाईने लिहीत. पण तांबडे न ओळखणाऱ्यालाही तो शब्द वाचता येई. गेल्या उन्हाळ्यात मुलीच्या प्रवेशाचा अर्ज फोनवर भरणारे एक पालक माझ्याकडे आले. ‘लाल रकाने दुरुस्त करा’ एवढीच सूचना होती. त्यांना तांबडे-हिरवे सारखेच दिसे. “सर, याच्यातले लाल कोणते जी?” मुदत त्याच संध्याकाळी संपत होती. रकान्याशेजारी ‘चूक’ हा शब्द छापला असता, तर त्यांना दोन मैल सायकल हाणावी लागली नसती!

दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा २०१६ साली झाला. पुढे अॅसिड-हल्ल्यात चेहरा व डोळे गमावलेल्यांना आणि अंधांना, ओळख पटविण्यासाठी पडद्यापुढे पापण्या मिचकावा म्हणणाऱ्या व्यवस्थेविरुद्ध न्यायालयात जावे लागले. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्वाळा दिला, की अशा सेवा सर्वांना वापरता येणे हा अनुच्छेद २१मधील जगण्याच्या हक्काचाच भाग आहे.

तरी पांढऱ्यावर फिकट राखाडी लिहिण्याची हौस काही फिटत नाही. तिला म्हणे सौंदर्य म्हणतात! ते सौंदर्य मे महिन्यात भर दुपारी सीताबर्डीवर फोन उघडून पाहावे. विशीतल्या पोरालाही चाळिशी लागते.