कौलावरचे साल

आमचे मूळ घर सिंधुदुर्गात, खाडीपासून मैलभर आत आहे. मध्यंतरी त्याचे छप्पर उतरवावे लागले. वासे वाळवीने पोखरले होते, रिपा वाकल्या होत्या. कौले मात्र धडधाकट होती. गडी वरून एकेक कौल हातोहात खाली देत होते आणि मी अंगणात थप्पी लावत होतो. बऱ्याच कौलांवर आतल्या बाजूला इंग्रजी अक्षरांचा ठसा होता : बासेल मिशन टाइल वर्क्स, मंगलोर, आणि खाली साल, १८६५.

लहानपणी माळ्यावर उताणे पडून मी हा आकडा वाचत असे. आमचे घर १८६५ सालचे आहे, अशी फुशारकी मी शाळेत बरीच वर्षे मारली. एकदा आजोबांनीच ती उतरवली. म्हणाले, "अरे, घर माझ्या वडिलांनी बांधलं. ते साल कारखान्याचं आहे." आज त्या सालामागची गोष्ट सांगायची आहे. ती कौलांची आहेच, पण त्याहून अधिक कामाची आहे. माणसाने काम कशासाठी करायचे आणि चांगला कामगार कोणाला म्हणायचे, हा प्रश्न तिच्यात दडलेला आहे.

स्वित्झर्लंडमधल्या बासेल शहरात १८१५ साली एक ख्रिस्ती मिशन स्थापन झाले. त्यातले बरेच मिशनरी शेजारच्या जर्मनीतल्या वुर्टेम्बर्ग भागातले होते, शेतकऱ्यांच्या आणि कारागिरांच्या घरांतले. १८३४ साली सॅम्युअल हेबिक, लेनर आणि ग्रायनर असे तिघे आपल्या पश्चिम किनाऱ्यावर उतरले आणि मंगळुरात त्यांनी ठाणे मांडले.

कामाविषयीची एक पक्की समजूत ही मंडळी घरूनच घेऊन आली होती. येशू सुताराच्या घरात वाढला. संत पौल तंबू शिवून पोट भरत असे आणि प्रवचनेही करत असे. सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने आपल्या मठवासीयांना प्रार्थनेइतकेच अंगमेहनतीचे काम लावून दिले. पुढे सोळाव्या शतकात मार्टिन ल्यूथरने आणखी एक पाऊल टाकले. देवाचे बोलावणे फक्त धर्मगुरूला येत नाही, ते चांभाराला, शेतकऱ्याला आणि मोलकरणीलाही येते, असे त्याचे सांगणे. जर्मन भाषेत 'बेरूफ' या एकाच शब्दात धंदाही येतो आणि हे बोलावणेही. तेव्हा धनी पाहत असो वा नसो, काम चोख करायचे, कारण ते अखेर देवाच्या दरबारी रुजू होते.

ऐकायला हे सोपे आहे. मंगळुरात आल्यावर मात्र याच समजुतीने मिशनला कोड्यात टाकले. तुळुनाडूत ज्यांनी बाप्तिस्मा घेतला, त्यांच्यात बिल्लव समाजाचे लोक पुष्कळ होते. माडाची ताडी काढणे हा त्यांच्यातल्या अनेकांचा पिढीजात धंदा. मद्य हे पाप, म्हणून मिशनने नव्या ख्रिस्ती माणसाला तो धंदा सोडायला लावला. धर्म बदलला म्हणून जमीनदार कुळाला काढून टाकी आणि घरचेही तोडून टाकत. म्हणजे ज्या धर्माने कामाला एवढा मान दिला, त्याच धर्मात येताना माणसाच्या हातचे काम जात होते! त्याला बसवून खाऊ घालावे, तर तेही शिकवणुकीच्या विरुद्ध.

मग एकेक उद्योग सुरू झाला. शेतीला जमिनी देऊन पाहिल्या, सुतारकाम शिकवून पाहिले, घड्याळे करण्याचाही प्रयत्न झाला. यातले पुष्कळसे फसले. १८४१ साली आलेला शिळाछापखाना मात्र टिकला. १८४३ साली हर्मन म्योग्लिंग यांनी काढलेले कन्नडमधले पहिले वृत्तपत्र 'मंगळूरु समाचार' याच मिशनचे. १८५१ साली हॅलर नावाचा विणकर आला आणि सुधारलेले हातमाग चालू झाले. खाकी रंग त्यानेच शोधला, असे मंगळुरात अभिमानाने सांगतात. वायव्य सरहद्दीवरच्या पलटणीत खाकी कपडे त्याच्या काही वर्षे आधीपासून होते, हे लक्षात घेतले तरी मिशनच्या खाकी कापडाने नाव कमावले, यात शंका नाही.

छापखाना सांभाळायला आलेल्यांत गेओर्ग प्लेब्स्ट नावाचा एक यंत्रज्ञ होता. नेत्रावती नदीकाठची चिकणमाती त्याच्या नजरेत भरली. मायदेशी जाऊन तो कौलांचे तंत्र शिकून आला आणि १८६५ साली मंगळुरातल्या जेप्पू भागात कारखाना निघाला. सुरुवातीला माती मळायला बैल होते, वाफेचे यंत्र नंतर आले. फ्रान्सच्या अल्सास भागात गिलार्डोनी बंधूंनी १८४१ साली खाचेत खाच बसणारे कौल काढले होते, हे त्याच जातीचे. आपल्याकडचे नळे दरवर्षी उतरवून शाकारणी करावी लागे. वानर नाचले की घर गळे. मंगलोरी कौल एकदा बसले की वाऱ्याने उडत नाही आणि वर्षानुवर्षे हलवावे लागत नाही. गलबतांतून ते मुंबईपर्यंत, पुढे एडन आणि पूर्व आफ्रिकेपर्यंत गेले. मलबारातही मिशनचे कारखाने निघाले, आणि इथल्या व्यापाऱ्यांनीही तोच धंदा उचलला.

कारखान्यातला दिवस प्रार्थनेने सुरू होई. घंटा झाली की हजर व्हायचे, मापात बसेल असेच कौल काढायचे, दारूला शिवायचे नाही. एकाच छपराखाली वेगवेगळ्या जातींचे लोक माती मळत, साच्यात दाबत, भट्टी लावत. बायकाही होत्या, आणि ख्रिस्ती नसलेले कामगारही पुष्कळ. एकोणिसाव्या शतकात ही लहान गोष्ट नव्हती. जन्माने ठरलेला धंदा सोडून शिकून मिळवलेल्या धंद्यावर माणूस उभा राहत होता.

आणि रविवारी कारखाना बंद! सहा दिवस काम आणि सातव्या दिवशी विसावा, ही बायबलमधली आज्ञा. त्या विसाव्यात नोकरचाकरच नव्हे, बैलसुद्धा धरलेले आहेत. मुंबईच्या गिरणी कामगाराला हाच रविवार मिळायला १८९० साल उजाडावे लागले. त्यासाठी जोतीराव फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांना कामगारांच्या सभा घ्याव्या लागल्या. एकीकडे सुटी धर्माज्ञा म्हणून आली, दुसरीकडे ती झगडून घ्यावी लागली.

इथवरची गोष्ट कोणालाही आवडेल अशी आहे. पण तिला दुसरी बाजूही आहे, आणि ती झाकून ठेवणे बरे नाही. जेप्पूच्या ख्रिस्ती कामगाराचा पगार मिशनच्या हाती होता, राहण्याची जागा पुष्कळदा मिशनची होती, आणि रविवारी पाप-पुण्य सांगणारेही मिशनच होते. अशा जागी मजुरी वाढवून मागणे अवघड असते. चांगला कामगार म्हणजे गप्प बसणारा कामगार, असा अर्थ सोयीने काढता येतो. मिशन चालवणाऱ्यांच्या मनातही सल होताच. धर्मकार्याने नफा मिळवावा का, यावर खुद्द बासेलमध्ये वर्षानुवर्षे वाद चालले.

खरे पाहता ख्रिस्ती शिकवणूक एकट्या कामगाराला उपदेश करून थांबत नाही. याकोबाच्या पत्रात, शेतमजुरांची मजुरी अडवून ठेवणाऱ्या धनिकांना कडक शब्दांत खडसावले आहे. १८९१ साली पोप तेरावे लिओ यांनी काढलेल्या परिपत्रकात न्याय्य वेतनाचा आणि कामगारांनी संघटना करण्याचा हक्क मान्य झाला. चोख काम हे कामगाराचे कर्तव्य असेल, तर चोख दाम हे मालकाचे. पहिले वाक्य मोठ्याने आणि दुसरे हळू आवाजात वाचण्याची सवय मात्र सगळ्याच धर्मांच्या मालकांना आहे.

आपल्यालाही हा विचार परका नाही. सावता माळ्याचा देव मळ्यात होता, गोरा कुंभाराचा चिखलात. कर्नाटकात बसवेश्वरांनी बाराव्या शतकात 'कायक' सांगितले, तेही श्रमाला पूजेच्या जागी बसवणारे. पण गोरोबांची आठवण आली की मला आमच्या गावचा कुंभार आठवतो. आजोबा सांगत, की पणजोबांनी मंगलोरी कौले आणली, मागोमाग साऱ्या वाडीने आणली, आणि दर उन्हाळ्यात नळे घालणाऱ्या त्या कुंभाराचे काम गेले. तो आळशी नव्हता, त्याच्या कामात खोटही नव्हती. त्याची मुले मुंबईला गिरणीत गेली. मंगळुरात ज्या कौलाने बेकार हातांना काम दिले, त्याच कौलाने आमच्या वाडीत एका हाताचे काम काढून घेतले.

पुढे १९१४ साली पहिले महायुद्ध पेटले. जर्मन मिशनऱ्यांना नजरकैद झाली, सरकारने कारखाने ताब्यात घेतले आणि १९१९ नंतर ते कॉमनवेल्थ ट्रस्ट नावाच्या कंपनीकडे गेले. नंतर सिमेंटचे स्लॅब आले आणि मंगळुरातल्या बहुतेक भट्ट्या एकेक करून विझल्या.

आमच्या घरावर सुताराने नवे वासे चढवले. जुने कौल वर देण्याआधी तो प्रत्येकावर बोटाच्या पेराने टिचकी मारून कान देई. खणखणीत वाजले तर वर, बद्द वाजले तर बाजूला. संध्याकाळी बाजूला पडलेली मोजली, जेमतेम टोपलीभर निघाली. "ही कौलां अजून तुमच्या नातवांक पुरतली," तो म्हणाला.

ती कौले ज्यांनी साच्यातून काढली, त्यांची नावे कुठे नाहीत. ठसा कारखान्याचा आहे, साल कारखान्याचे आहे. त्यांना देवाचे बोलावणे ऐकू आले होते की फक्त घंटा, हे आता कोण सांगणार? काम मात्र खणखणीत केले होते. त्या दिवशी सुताराची मजुरी देताना मी, कधी नव्हे ते, घासाघीस केली नाही.