कॉल-पुटच्या मागचं गणित

परवा स्टँडसमोरच्या टपरीवर दोन पोरं मोबाईलवर निफ्टीचे कॉल-पुट बघत बसली होती. एक म्हणाला, "काका, हे सगळं गणितावर चालतं." खरंय. पण कुठल्या? मलाही नीट माहीत नव्हतं, म्हणून चार रात्री वाचत बसलो.

पहिला धागा पॅरिसचा. 1900 साली लुई बाशेलिए याने शेअरबाजारातल्या चढउतारांवर प्रबंध लिहिला. भाव म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म कणासारखा, कधी कुठे उडेल नेम नाही, असंच त्याचं गणित निघतं. पण त्याला पक्कं गणित हवं होतं. ते 1923 मध्ये अमेरिकेत एमआयटीच्या नॉर्बर्ट वीनर यांनी दिलं. कण कुठल्या वाटेने जाईल हे सांगता येत नाही आणि शक्य वाटा तर अगणित. वीनर म्हणाले, एकेक वाट सोडा, वाटांच्या झुंडींना वजन द्या. मग प्रत्येक वाटेवरून एक आकडा काढायचा, समजा ती सगळ्यात उंच कुठे पोचली, आणि सगळ्या वाटांवर त्याची सरासरी घ्यायची. अख्खी वाट घेऊन एकच आकडा देणाऱ्या नियमाला गणितात फंक्शनल म्हणतात.

महायुद्ध चालू असताना, 1944-45 मध्ये, कॅमेरॉन आणि मार्टिन या दोघांनी पुढचं काम केलं. आवाजातून सूर वेगळे काढणारं फूरिये रूपांतर त्यांनी या फंक्शनलांवर चालवून दाखवलं. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे सगळ्या वाटा एका बाजूला सरकवल्या तर वजनं कशी बदलतात, याचं सूत्र त्यांनी काढलं. 1947 च्या सुमारास कॉर्नेलमध्ये मार्क काट्स यांनी फाइनमनचं व्याख्यान ऐकलं. आपण दोघं एकाच डोंगराला दोन बाजूंनी भिडलोय, हे त्यांना कळलं. त्यातून आलेलं फाइनमन-काट्स सूत्र आज ऑप्शनची किंमत काढायला वापरतात. 1960 मध्ये रशियाच्या गिर्सानोव यांनी सरकवण्याची युक्ती आणखी व्यापक केली, आणि 1973 मध्ये ब्लॅक, शोल्स, मर्टन यांनी ऑप्शनच्या भावाचं सूत्र मांडलं.

आता इथे जरा थांबा. त्या सूत्रात शेअर वर जाणार की खाली, याला जागाच नाही! वाटा सरकवून तो कल आधीच काढून टाकलेला असतो. उरतं त्यात येतं भाव किती हेलकावतो, मुदत किती, व्याजदर किती. म्हणजे आपल्या पोरांना जे हवंय, उद्या तेजी का मंदी, तेवढंच या गणितात नाही. टेलिग्रामवरचे गुरुजी मात्र तेच विकतात.

सेबीने 2024 मध्ये सांगितलं की, आधीच्या तीन आर्थिक वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्स करणाऱ्या दर शंभर वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी 93 तोट्यात गेले. एकूण तोटा 1.8 लाख कोटींच्या वर.

हे मी त्या पोराला सांगितलं. तो म्हणाला, "काका, मी उरलेल्या सातांतला." चहाचे पैसे मीच दिले.