ब्रिटिश राजे-राण्यांचें आयुर्मान

आपल्याकडे वडील माणूस धाकट्याला पत्र लिहूं लागला म्हणजे त्याच्या नांवामागें 'चि.' लिहिल्यावांचून राहत नाहीं. इंग्लंडांत हा आशीर्वाद उलट दिशेनें चालतो. तेथें राज्याभिषेकाच्या वेळीं वेस्टमिन्स्टर येथील पुरातन देवालयांत जमलेले लोक नव्या राजाला उद्देशून 'राजा चिरायु होवो' असा घोष करतात. शतकानुशतकें चालत आलेला हा आशीर्वाद किती राजांना फळला आणि किती राजांच्या बाबतींत वायां गेला, याचा थोडा हिशेब आज मांडावयाचा आहे.

हा विषय निव्वळ चौकसपणाचा आहे असें कोणास वाटेल. परंतु ज्या देशांत एके काळीं धर्म कोणता पाळावा आणि युद्ध कोणाशीं करावें हें एका माणसाच्या इच्छेनें ठरत असे, त्या देशांत त्या माणसाची नाडी किती दिवस चालणार हा लक्षावधि कुटुंबांच्या जिव्हाळ्याचा प्रश्न होता. सहावा एडवर्ड १५५३ सालीं अवघा १५ वर्षांचा असतांना वारला. तो जगता, तर त्याची कॅथॉलिक बहीण मेरी गादीवर येती ना, आणि तिच्या पांच वर्षांच्या कारकीर्दींत जे सुमारे २८० प्रॉटेस्टंट स्त्रीपुरुष धर्माखातर जिवंत जाळले गेले तेहि वांचते.

आतां मुख्य आकडा सांगतों. विल्यम विजेता १०६६ सालीं इंग्लंडच्या गादीवर बसला. तेथून पुढें जवळ जवळ सातशें वर्षें, म्हणजे १७६० सालीं वारलेल्या दुसऱ्या जॉर्जपर्यंत, त्या गादीवर बसलेल्या एकाहि राजानें वा राणीनें वयाची सत्तरी पाहिली नाहीं. बायबलांत माणसाचें आयुष्य सत्तर वर्षांचें सांगितलें आहे. धर्मरक्षक ही पदवी मिरविणाऱ्यांना तेवढेंहि लाभलें नाहीं. सत्तरीच्या सर्वांत जवळ पोंचली ती पहिली एलिझाबेथ. १६०३ सालीं वारली तेव्हां तिला ६९ वर्षें पूर्ण झालीं होतीं. तिच्या खालोखाल पहिला एडवर्ड, वय ६८. बाकीच्यांपैकीं चाळिशीच्या आंत गेलेले कितीतरी निघतील.

राजे रणांत मरतात अशी आपली समजूत असते, आणि तिला कांहीं आधारहि आहे. दुसरा विल्यम ११०० सालीं शिकारींत बाण लागून मेला. तो बाण चुकून लागला कीं मुद्दाम सोडला याचा वाद अद्याप मिटलेला नाहीं. सिंहहृदयी रिचर्ड ११९९ सालीं फ्रान्समधील एका किरकोळ किल्ल्याला वेढा घालून बसला असतां बाणाची जखम चिघळून ४१ व्या वर्षीं वारला. तिसरा रिचर्ड १४८५ सालीं बॉझवर्थच्या लढाईंत ३२ वर्षांचा असतांना पडला. या शेवटच्या राजाची हाडें २०१२ सालीं लेस्टर शहरांत मोटारी उभ्या करण्याच्या एका आवाराखालीं सांपडलीं. कवटीवर शस्त्रांच्या खुणा होत्याच. पण संशोधकांना कमरेच्या हाडांजवळच्या मातींत आणखी एक गोष्ट आढळली. ती म्हणजे जंतांचीं अंडीं! इंग्लंडचा हा राजा पोटांत जंत घेऊन समरभूमीवर उतरला होता. मला वाटतें, मध्ययुगांतील राजवैभवाविषयीं एखाद्या जाड ग्रंथानें जें सांगितलें नसतें तें या चिमूटभर मातीनें सांगितलें.

कारण राजांचा खरा वैरी शत्रूच्या सैन्यांत नव्हताच. तो पाण्याच्या घागरींत होता. जॉन राजा १२१६ सालीं अतिसारानें गेला. पहिला एडवर्ड १३०७ सालीं स्कॉटलंडवर चालून जात असतां सरहद्दीजवळ त्याच रोगानें मेला. अ‍ॅजिंकोर्टचा विजेता पांचवा हेन्री १४२२ सालीं, फ्रान्सचें राज्य पदरांत पडण्याच्या बेतांत असतां, पस्तिशीच्या सुमारास छावणींतल्या अतिसारानें संपला. त्याच्या मागें नऊ महिन्यांहून लहान मूल गादीवर आलें. या मुलाच्या कारकीर्दींत फ्रान्समधील मुलूख एक कॅले सोडून सगळा गेला, आणि पुढें यॉर्क व लँकॅस्टर या दोन घराण्यांत तीस वर्षें जी भाऊबंदकी माजली तिचें एक मूळ या अकालमृत्यूंत आहे. एका माणसाच्या आंतड्याच्या विकारानें दोन देशांचा इतिहास फिरला असें म्हटलें तर तें फारसें अतिशयोक्तीचें होणार नाहीं.

देवीच्या रोगानेंहि राजवाड्याचा उंबरठा ओळखला नाहीं. एलिझाबेथ १५६२ सालीं देवींतून कशीबशी वांचली. दुसरी मेरी १६९४ सालीं ३२ वर्षांची असतांना त्यांतच गेली. पुढें लेडी मेरी माँटेग्यू या बाईनें तुर्कस्थानांत पाहिलेली देवी टोंचण्याची रीत इंग्लंडांत आणली आणि १७२२ सालीं राजघराण्यांतील दोन मुलींना ती टोंचण्यांत आली. त्याच्या आदल्या वर्षीं तिचा प्रयोग न्यूगेटच्या तुरुंगांतील सहा कैद्यांवर करून पाहिला होता, हें मात्र विसरतां येत नाहीं. राजकन्यांच्या आधीं जीव धोक्यांत घातला तो या सहा जणांनीं.

मग वैद्य काय करीत होते? शक्य तेवढा त्रास देत होते! ज्या दुसऱ्या चार्लसला पोर्तुगीज राजकन्येबरोबर आपलें मुंबई बेट आंदण मिळालें, त्याचीच गोष्ट घ्या. २ फेब्रुवारी १६८५ रोजीं सकाळीं त्याला झटका आला. राजवैद्यांचा ताफा जमला. त्यांनीं त्याचें रक्त काढलें, तुंबड्या लावल्या, वांतीचीं व रेचाचीं औषधें दिलीं, डोकें भादरून त्यावर फोड उठविणारे लेप चढविले. एखाद्या गरीब शेतकऱ्याला असला झटका आला असता तर तो निदान स्वस्थपणें पडला असता. राजाला तीहि सोय नव्हती. चार दिवस हे हाल सोसून ६ तारखेला तो ५४ व्या वर्षीं निवर्तला. मरावयास फार वेळ लावला म्हणून त्यानें भोंवतालच्या मंडळींची क्षमा मागितली असें सांगतात. तें खरें असेल, तर त्या खोलींत सभ्यपणें वागणारा तो एकटाच म्हणावयाचा.

अ‍ॅन राणीची कथा याहूनहि करुण आहे. ही बाई सतरा वेळां गर्भवती राहिली. पुष्कळदां गर्भपात झाले, मुलें मृत जन्मलीं, कांहीं पाळण्यांतच गेलीं. एकच मुलगा थोडा वाढला. तोहि १७०० सालीं ११ वर्षांचा होऊन वारला. त्या मुलाच्या मृत्यूमुळें पार्लमेंटला पुढच्याच वर्षीं वारसाचा कायदा करावा लागला आणि जर्मनींतील हॅनोव्हरच्या सोफिया या वृद्धेला वारस ठरवावें लागलें. सोफिया ८३ वर्षांची होऊन ८ जून १७१४ रोजीं वारली. अ‍ॅन राणी १ ऑगस्टला, ४९ व्या वर्षीं. मध्यें दोन महिनेहि गेले नाहींत. ते दोन महिने सोफियेला मिळते, तर इंग्लंडच्या गादीवर ८३ वर्षांची नवी राणी बसती. तिचा मुलगा जॉर्ज आला आणि त्याच्याबरोबर, कोणास ठाऊक कसें, दीर्घायुष्यहि आलें.

त्याचा मुलगा दुसरा जॉर्ज ७६ वर्षें जगला. त्याच्यानंतर एलिझाबेथ दुसरीपर्यंत नऊ जण त्या गादीवर होऊन गेले. त्यांत ६७ वर्षांच्या आंत वारलेला असा एकच निघतो. सातशें वर्षांची कहाणी अशी एका पिढींत पालटली. उत्तम अन्न, निवळलेलें पाणी, देवी काढणें, रणांगणावर स्वतः न जाणें, अशीं कारणें दाखवितां येतील. परंतु माझें लक्ष दुसऱ्याच गोष्टीकडे जातें. ज्या काळांत हे राजे दीर्घायुषी होऊं लागले, त्याच काळांत सत्ता त्यांच्या हातून निसटून प्रधानमंडळाकडे व पार्लमेंटकडे जाऊं लागली. राजाच्या जगण्यामरण्यावर राष्ट्राचें भवितव्य टांगलेलें होतें तोंपर्यंत राजे भराभर मरत होते. आणि त्यांच्या असण्यानसण्यानें कारभार अडेनासा झाला तेव्हां ते शंभरीकडे चालूं लागले!

सत्ता सोडलेल्यांचीं आयुष्येंहि पाहण्याजोगीं आहेत. ऑलिव्हर क्रॉमवेलचा मुलगा रिचर्ड हा १६५९ सालीं राज्यरक्षकाचें पद सोडून घरीं बसला आणि ८५ वर्षांचा होऊन १७१२ सालीं वारला. ब्रिटनच्या सर्वोच्च पदावर बसून गेलेल्या माणसांत आयुष्याच्या बाबतींत तीनशें वर्षें कोणी त्याच्यापुढें गेलें नाहीं. तो मान २०१२ सालीं एलिझाबेथ दुसरीनें मिळविला. आपल्याकडे दुसरे बाजीराव पेशवाई घालवून ब्रह्मावर्तास जाऊन राहिले आणि ७६ वर्षांचे होऊन १८५१ सालीं वारले, याची या ठिकाणीं आठवण होते.

पेशव्यांचें नांव निघालें आहे, तर तिसऱ्या जॉर्जची कारकीर्द आपल्या इतिहासाशेजारीं ठेवून पाहूं. तो २५ ऑक्टोबर १७६० रोजीं गादीवर आला. त्या दिवशीं भाऊसाहेबांची फौज उत्तरेंत होती आणि पानिपतचा संग्राम तीन महिन्यांहूनहि कमी अंतरावर होता. पुढें पुण्यास नानासाहेब खचून वारले. थोरले माधवराव क्षयानें २७ व्या वर्षीं गेले. नारायणरावांचा १८ व्या वर्षीं खून झाला. रघुनाथराव आले नि गेले. सवाई माधवरावांचा २१ व्या वर्षीं अंत झाला. मग दुसरे बाजीराव आले आणि १८१८ सालीं राज्यच संपलें. पुण्याच्या गादीनें इतकीं माणसें पाहिलीं, आणि तिकडे लंडनच्या गादीवर तोच एक राजा होता. दोन राज्यांच्या बळाबळाचीं कारणें अनेक आहेत. परंतु कर्त्या पुरुषांच्या अकालमृत्यूनें आपलें किती नुकसान झालें याची कल्पना या एका तुलनेनें येते. तिकडे राजाची तितकीशी गरजच उरली नव्हती. १८१७ सालीं शनिवारवाड्यावर इंग्रजांचें निशाण चढलें तेव्हां ज्याच्या राज्याचें तें निशाण, तो राजा विंडसरच्या वाड्यांत आंधळा व भ्रमिष्ट होऊन पडला होता. १८११ पासून त्याचा मुलगा त्याच्या नांवानें काम पाहत होता. १८१८ च्या नोव्हेंबरांत त्याची राणी वारली, तेंहि त्याला उमगलें नाहीं. १८२० सालीं तो ८१ वर्षांचा होऊन सुटला. त्याचें वेड रक्ताच्या एका आनुवंशिक विकारामुळें आलें असें १९६० नंतर कांहीं वैद्य म्हणूं लागले. अलीकडच्या संशोधकांचा कल तो मनाचाच रोग असावा याकडे आहे.

त्याची नात व्हिक्टोरिया त्याच्यापेक्षां बरोबर चार दिवस अधिक जगली. तिचें चित्र असलेला राणीछाप रुपया आपल्या आज्यापणज्यांच्या गाठोड्यांत असे. १८९७ च्या जूनमध्यें तिच्या कारकीर्दीला साठ वर्षें झालीं म्हणून साम्राज्यभर उत्सव झाला. पुण्यांत त्या वर्षीं प्लेगनें कहर केला होता, आणि प्लेगच्या बंदोबस्ताच्या नांवाखालीं सोजीर लोकांच्या घरांत शिरले होते. २२ जूनच्या रात्रीं गणेशखिंडींतील सरकारी बंगल्यांत त्याच उत्सवाची मेजवानी आटोपून परतणाऱ्या रँड व आयर्स्ट या अधिकाऱ्यांवर चाफेकर बंधूंनीं गोळ्या झाडल्या. त्या काळांत हिंदुस्थानांत जन्मणाऱ्या मुलाचें सरासरी आयुष्य पंचवीस वर्षांहूनहि कमी होतें. राणीच्या दीर्घायुष्याचा दारूकाम उडवून उत्सव करावयाचा, तो कोणापुढें?

विसाव्या शतकांत राजांचा रोग बदलला. सातवा एडवर्ड, पांचवा जॉर्ज आणि त्याचे आठवा एडवर्ड व सहावा जॉर्ज हे दोघे मुलगे, चौघेहि तंबाखूचे भक्त होते. पांचवा जॉर्ज २० जानेवारी १९३६ रोजीं ७० व्या वर्षीं वारला. राजाचें जीवन शांतपणें समाप्तीकडे चाललें आहे असें त्या रात्रीं वैद्यराज लॉर्ड डॉसन यांचें पत्रक निघालें व तें नभोवाणीवरून लोकांनीं घरोघर ऐकलें. पन्नास वर्षांनीं, १९८६ सालीं, डॉसन यांचीं टिपणें प्रसिद्ध झालीं, तेव्हां कळलें कीं त्यांनीं मॉर्फिया व कोकेन टोंचून तो अंत लवकर घडवून आणला होता. आणि त्याचें एक कारण हें कीं, बातमी संध्याकाळच्या हलक्या पत्रांऐवजीं सकाळच्या 'टाइम्स'मध्यें यावी! दुसऱ्या चार्लसच्या वैद्यांनीं मरण लांबविलें, यांनीं तें आंखडलें. रोग्याला विचारण्याची चाल दोघांकडेहि नव्हती. सहाव्या जॉर्जचें एक फुप्फुस १९५१ सालीं काढून टाकलें. तें कर्करोगामुळें, हें त्याला सांगितलें नव्हतें. पुढच्या फेब्रुवारींत तो ५६ व्या वर्षीं झोपेंतच गेला. नऊ जणांत अल्पायुषी ठरलेला तो हाच. राज्यत्याग केलेला त्याचा थोरला भाऊ ७७ वर्षांचा होऊन १९७२ सालीं पॅरिसांत वारला. त्यानंतर चाल किती बदलली पाहा: ७३ व्या वर्षीं गादीवर आलेल्या तिसऱ्या चार्लसला कर्करोग झाल्याचें २०२४ च्या फेब्रुवारींत राजवाड्यानेंच जाहीर केलें, मात्र तो कोणत्या प्रकारचा हें सांगितलें नाहीं.

पांचव्या जॉर्जनें १९१७ सालीं एक प्रथा पाडली. शंभर वर्षें पूर्ण करणाऱ्या प्रजाजनाला राजाकडून अभिनंदनाचा संदेश जातो. तो मिळण्याइतकें वय आजवर एकाहि राजाचें वा राणीचें झालेलें नाहीं. राजमातेला मात्र तो २००० सालीं, स्वतःच्या मुलीकडून, मिळाला. ती मुलगी, एलिझाबेथ दुसरी, ७० वर्षें राज्य करून ८ सप्टेंबर २०२२ रोजीं दुपारीं बॅल्मोरल येथें ९६ व्या वर्षीं वारली. तिच्या मृत्यूचा दाखला स्कॉटलंडच्या नोंदणी खात्यानें चार माणसांप्रमाणेंच प्रसिद्ध केला. त्यांत जन्मतारीख आहे, वेळ आहे, खबर देणाऱ्या मुलीचें नांव आहे; आणि मृत्यूच्या कारणासमोर एकच शब्द आहे: वार्धक्य.